तांबं डीएनएला धरतं, पण पेशीत?

मंगळवार, रात्र

आज दिवसभर टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं मापून थोडं थोडं घालत जाणं. कर्करोगाच्या पेशींवर चालेल का म्हणून आम्ही तांब्याचं एक संकुल तपासतोय: मधे तांबं आणि त्याला धरलेला फिनॅन्थ्रोलीन हा सपाट रेणू, म्हणजे त्याचा लिगँड. या संकुलाचं मूळ द्रावण छान हिरवट निळं असतं, पण क्युव्हेटमध्ये, म्हणजे प्रकाश आरपार जाणाऱ्या छोट्या पात्रात, ते इतकं विरळ करावं लागतं की नुसतं पाणीच वाटतं. त्यात वासराच्या थायमसमधून काढलेला डीएनए थोडा थोडा टाकायचा. डीएनए स्वतःही अतिनील प्रकाश शोषतो, म्हणून तेवढाच शेजारच्या संदर्भ क्युव्हेटमध्येही टाकायचा. जरा थांबायचं, स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला याचा आलेख) घ्यायचा, पुन्हा टाकायचा. फिनॅन्थ्रोलीनचं शिखर दर वेळी थोडं खाली बसतं आणि किंचित लाल, म्हणजे जास्त तरंगलांबीच्या, बाजूला सरकतं. हे बघायला मला अजूनही तितकंच आवडतं. डोळ्यांना काही दिसत नसताना, लिगँडची सपाट कडी डीएनएच्या दोन बेस-जोड्यांमध्ये, म्हणजे त्याच्या पिळलेल्या शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये, शिरत असल्याची ही खूण असते.

मात्र नुसत्या स्पेक्ट्रमवर माझा विश्वास नाही. शेजारच्या जोड्यांमधलं अंतर जेमतेम ०.३४ नॅनोमीटर. तिथे काही घुसवायचं तर पीळ सैल व्हावा लागतो आणि अख्खा रेणू लांबतो. गच्च रचलेल्या गठ्ठ्यात पुठ्ठे सरकवले की गठ्ठा वाढतो, तसंच. लांबलेल्या डीएनएचं द्रावण जास्त घट्ट होतं, केशनलिकेतून उतरायला जास्त वेळ घेतं. व्हिस्कोमीटर स्थिर तापमानाच्या पाण्यात बुडवून, हातात स्टॉपवॉच घेऊन तो वेळ मोजायचा. साधी, जुनी रीत आहे, पण संकुल आत शिरलंय की बाहेरच्या खाचेत नुसतं टेकलंय, हे ती बऱ्यापैकी सांगते.

बुधवार

काकूंचा फोन झाला. सिसप्लॅटिन या कर्करोगावरच्या प्लॅटिनमच्या औषधाचे डोस संपून बरेच महिने झाले, गाठ गेली, पण तळपायांना मुंग्या आहेत आणि कानात सतत आवाज येतो. आमच्या कामाबद्दल त्या आपुलकीने विचारतात. तांब्याचं औषध सौम्य असेल ना, शरीरात तांबं असतंच की, असं त्यांचं म्हणणं. पुष्कळ पेपरांच्या प्रस्तावनेतही हेच वाक्य असतं, आणि ते मला पटत नाही. शरीराला तांबं लागतं हे खरं, पण ते अगदी मोजून आणि प्रथिनांच्या ताब्यात ठेवलेलं असतं. विल्सनच्या आजारात हा ताबा सुटतो, तेव्हा तेच तांबं यकृतात आणि मेंदूत साठून नासधूस करतं. सौम्यपणा सिद्ध करावा लागेल, गृहीत धरता येणार नाही. काकूंना एवढंच सांगितलं की हे अजून प्रयोगशाळेतलं काम आहे, आणि तांब्याच्या गोळ्या किंवा पूरक काही स्वतःच्या मनाने घेऊ नका.

तरी सिसप्लॅटिनबद्दल मला आदरच आहे. बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ मध्ये विद्युतप्रवाहात वाढणारे जिवाणू विभागायचे थांबून लांबच लांब होताना दिसले, आणि कारण निघालं इलेक्ट्रोडमधून सुटलेलं प्लॅटिनम. १९७८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. डीएनएतल्या शेजारशेजारच्या दोन ग्वानिन बेसना ते घट्ट जोडून टाकतं आणि डीएनए तिथे वाकतो. प्लॅटिनम आपले लिगँड सावकाश सोडतं, तासांच्या हिशेबाने. म्हणून ते डीएनएपर्यंत पोचेतो बरंचसं शाबूत राहू शकतं.

तांब्याचं तसं नाही, आणि माझी सगळी काळजी तिथेच आहे.

शुक्रवार

जेल, म्हणजे डीएनएचे प्रकार वेगवेगळ्या पट्ट्यांत वेगळे करणारी चकती, चांगलं आलं. अतिनील दिव्याखाली पहिल्या रांगेत नुसतं प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूतला छोटा गोल डीएनए: पिळलेलं, आटोपशीर, म्हणून सर्वांत पुढे पळालेलं. संकुल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेल्या रांगांमध्ये तो पट्टा फिका होत गेला आणि मागे दुसरा उजळला, एक धागा तुटून सैल झालेल्या प्लाझ्मिडचा. शेवटच्या रांगेत दोहोंच्या मधे सरळ झालेल्या डीएनएची पुसट रेघही होती, म्हणजे दोन्ही धागे तुटले.

डीएनएची ही तोड १९७९ मध्ये डेव्हिड सिगमन आणि सहकाऱ्यांना सापडली. फिनॅन्थ्रोलीन डीएनए पॉलिमरेज (डीएनएची नक्कल करणारं विकर) का थांबवतं, याचा ते शोध घेत होते. तेव्हा दिसलं की तांबं आणि फिनॅन्थ्रोलीन मिळून ऑक्सिजनच्या मदतीने डीएनएच कापतात. रसायनशास्त्र म्हणून हे फार देखणं आहे. औषध म्हणून मात्र पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: रक्तात आणि पेशीत हे संकुल संकुल राहतं का?

रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या टोकाशी तांबं पकडणारी नेमकी जागा आहे. पेशीत ग्लुटाथायोन हा गंधक असलेला छोटा रेणू मिलिमोलर, म्हणजे भरपूर, प्रमाणात असतो. तो तांब्याला दोन धनवरून एक धनवर आणतो आणि स्वतः बांधूनही घेतो. यीस्टवरच्या कामातून १९९९ मध्ये निष्कर्ष निघाला की एका पेशीत मोकळा तांब्याचा सरासरी एक आयनही नसतो. त्यात फिनॅन्थ्रोलीन एकटंही पेशींना विषारी आहे. मग पेशी मेल्या, तर मारलं कोणी? संकुलाने, सुट्या लिगँडने, की लिगँडने आत नेऊन सोडलेल्या तांब्याने?

इलेस्क्लोमोलची गोष्ट म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. हा रेणू तांबं पेशीत वाहून नेतो. २०२२ मध्ये कळलं की ते तांबं मायटोकॉन्ड्रियातल्या लिपॉइल नावाचा गट लागलेल्या प्रथिनांना चिकटतं, त्यांच्या गुठळ्या होतात आणि पेशी मरते. मृत्यूच्या या प्रकाराला क्युप्रोप्टोसिस म्हणतात. डीएनएचा इथे मुख्य संबंधच नाही! मेक्सिकोतल्या कॅसिओपेइन या तांब्याच्या संकुलांचाही, ज्यांतलं एक संयुग माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत गेलं, परिणाम डीएनएपुरता नाही. मायटोकॉन्ड्रियावर त्यांचा मारा नोंदलेला आहे.

यातून आमचं काम फुकट ठरत नाही. डीएनएला धरणं हा गुण आहेच. फक्त क्युव्हेटमधल्या बांधणीचा आकडा आणि पेशी मारण्याचा आकडा एकाच तक्त्यात शेजारी मांडले की वाचणारा त्यांच्यात आपोआप कारण-परिणाम जोडतो. ते जोडायला पुरावा लागतो. शिवाय निरोगी पेशींतही डीएनए असतोच, त्यामुळे त्यांच्यावरचा आकडा नसलेला तक्ता मला अर्धाच वाटतो.

सोमवारची प्लेट आत्ताच आखून ठेवली. एका रांगेत संकुल, दुसरीत नुसतं फिनॅन्थ्रोलीन तेवढ्याच प्रमाणात, तिसरीत कॉपर क्लोराइड, चौथीत संकुलासोबत तांबं ओढून घेणारा पदार्थ. आणि हेच सगळं कर्करोगाच्या नसलेल्या पेशींवर. दोन दिवस इनक्युबेटर, मग एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी किती उरल्या ते रंगावरून मोजणारी चाचणी. पहिल्या दोन रांगांचे आकडे जवळजवळ सारखे आले, तर ‘डीएनएशी बांधणी झाल्यामुळे पेशी मरतात’ हे वाक्य आमच्या पेपरात जाऊ देणार नाही, असं गाइडना आजच सांगितलंय. त्यांनी आधी चौथ्या रांगेतला पदार्थ कोणता घेणार ते विचारलं, त्यावर उद्या बसायचं ठरलंय.