जुन्या मोटारींसाठी स्वतःची कार्यशाळा उभारताना

जुनी मोटार रस्त्यावर जेवढी झिजते, त्याहून जास्त ती उभ्या जागी कुजते. मॉरिस मायनरच्या दारांखालची सिल किंवा फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या सीटखाली जिथे बॅटरी बसते तिथला पत्रा ज्याने एकदा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिला आहे, त्याला हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. माझ्याकडे या दोन्ही मोटारी आहेत. मायनर पूर्ण सुटी करून पुन्हा बांधायची होती आणि अशा कामाला फावल्या वेळात वर्षे लागतात. त्या काळात घासून उघडा केलेला पत्रा, रंग नसलेल्या जोडण्या आणि तेल पुसलेले इंजिनाचे भाग तसेच पडून राहणार होते. म्हणून स्वतःची कार्यशाळा बांधायचे ठरवल्यावर हत्यारांची यादी बाजूला ठेवली आणि ही जागा बारा महिने कोरडी कशी राहील, या एका प्रश्नावर सगळा आराखडा उभा केला.

बांधकामाच्या परवानगीचे काम रीतसर अर्ज करून मार्गी लागले. खरा विचार मापांचा करावा लागला. जमिनीवर फक्की टाकून आधी मोटारीची बाह्यरेषा आखली. मायनर 3.76 मीटर लांब आणि 1.55 मीटर रुंद, त्यामुळे साधा गाळा पुरेल असे कागदावर वाटते. पण दोन्ही दारे पूर्ण उघडली की प्रत्येक बाजूला मीटरभर जागा जाते, इंजिन उचलायचा क्रेन पुढून आत घ्यायचा तर समोर किमान दोन मीटर लागतात आणि सुटी केलेली मोटार जोडलेल्या मोटारीच्या दुपटीहून अधिक जागा व्यापते. आज लहान मोटार असली तरी उद्याचा विचार करावाच लागतो: जॅग्वार ई-टाइपचे बोनेट समोरच्या बाजूला कलते, तर 1959 ची कॅडिलॅक 5.7 मीटर लांब आहे. शेवटी आतून आठ मीटर रुंद आणि सात मीटर खोल असा दोन मोटारींचा गाळा ठरला. दरवाजे तीन-तीन मीटरचे ठेवले आणि मधला खांब काढता येईल असा केला.

मोटारीखाली काम करायला खड्डा की लिफ्ट, यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. खड्डा स्वस्त पडतो आणि त्याला छताची उंची लागत नाही. परंतु पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते, ती वाहत जाऊन सर्वांत खालच्या जागी साचते आणि पेट्रोल उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. जुन्या मोटारीची टाकी, रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटर यांतून थोडेफार झिरपणे चालूच असते. अशा मोटारीखाली हाताने ग्राइंडर चालवणारा माणूस त्याच वाफेत उभा असणार, हे मला मान्य नव्हते. शिवाय खड्डा म्हणजे ओलीला जमिनीतून दिलेली वाट. म्हणून दोन खांबांची लिफ्ट निवडली. ती मोटार साधारण 1.8 मीटर उचलते, मोटारीची स्वतःची उंची दीड मीटर, त्यात थोडी मोकळीक धरून मोकळी उंची 3.6 मीटर ठेवावी लागली. बीटलचे शरीर बोल्ट काढून तळापासून सरळ वर उचलता येते, तेव्हा ही उंची आणखी एका कामाला आली.

जमिनीचे काम मी स्वतः प्रत्येक टप्प्यावर उभे राहून करून घेतले, कारण नंतर भिंत पाडता येते, छत बदलता येते, पण जमिनीखाली घातलेला थर पुन्हा हाती लागत नाही. भुसभुशीत माती काढून खडीचा थर दिला, धुम्मस करून तो दाबून घेतला, खडीची टोके वरच्या कागदाला भोसकू नयेत म्हणून वाळू पसरली आणि तिच्यावर 300 मायक्रॉनचा पॉलिथिनचा कागद अंथरला. कागदाचे तुकडे एकमेकांवर वीतभर चढवून चिकटपट्टीने बंद केले आणि कडा भिंतीतल्या ओलरोधक थरापर्यंत वर वळवून घेतल्या. हा कागद नसेल तर काँक्रीट जमिनीतली ओल सतत वर खेचत राहते आणि वरून कितीही महाग रंग दिला तरी तो फुगून सुटतो.

टनाच्या आतल्या मोटारी उभ्या करायला 100 मिलिमीटर जाडी पुरते, पण लिफ्टच्या खांबांवर मोटारीचे सगळे वजन तरफेसारखे येते आणि ते मोजक्या अँकर बोल्टांनी पेलायचे असते. म्हणून त्या भागात 200 मिलिमीटर जाडी आणि 28 दिवसांनी 30 मेगापास्कल ताकद देणारे मिश्रण घेतले. लिफ्टच्या तळपट्ट्यांचा कागदी साचा कापून तो सळ्यांच्या जाळीवर ठेवून पाहिला आणि जिथे बोल्ट येणार तिथून सळ्या बाजूला सरकवून घेतल्या, म्हणजे नंतर ड्रिल सळईवर अडणार नाही. तडे ठरावीक रेषेतच जावेत म्हणून काँक्रीटमध्ये मुद्दाम कापायचे सांधेही खांबांपासून दूर ठेवले.

उतार देण्यावर गवंड्याशी बराच वाद झाला. पाणी निघून जावे म्हणून पूर्ण जमिनीला दरवाज्याकडे उतार द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते आणि साध्या पार्किंगसाठी ते योग्यच आहे. पण मायनरला वेगळी चॅसी नाही. तिचे शरीरच तिचा सांगाडा आहे आणि सिल हा त्यातला भार पेलणारा भाग आहे. कुजलेले सिल कापून काढले की उरलेले शरीर पीळ खाऊ शकते. ते न होऊ देण्यासाठी दारांच्या चौकटींत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून ठेवतात आणि चारही टेकू एका पातळीत आहेत ना हे पुन्हा पुन्हा तपासतात. जमीनच तिरपी असेल तर प्रत्येक मोजमापात ती चूक मिसळते. त्यामुळे काम करायची जागा पाणसळीत एकदम सपाट ठेवली आणि फक्त दरवाज्याजवळच्या शेवटच्या मीटरभर पट्टीला बाहेरच्या बाजूने उतार दिला.

पहिला आठवडाभर ओली पोती घालून पाणी मारले. पूर्ण ताकद यायला 28 दिवस पुरतात, पण वाळणे ही निराळी गोष्ट आहे: जाडीच्या दर 25 मिलिमीटरला साधारण महिना, असा ढोबळ हिशेब धरतात आणि जाड काँक्रीटला त्याहूनही वेळ लागतो. इपॉक्सीचा, म्हणजे जमिनीला द्यायच्या टणक रंगाचा थर देण्याआधी जमिनीवर हातभर लांबीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी उचलला तेव्हा आतल्या बाजूला बारीक थेंबांची जाळी होती आणि खालचे काँक्रीट भोवतालच्या जमिनीपेक्षा गडद, जवळजवळ ओल्या पाटीच्या रंगाचे दिसत होते. तो चौकोन अधूनमधून वेगवेगळ्या जागी लावत राहिलो आणि तो सगळीकडे स्वच्छ, कोरडा निघाल्यावरच रंगाचे डबे उघडले.

भिंती आणि छत यांच्याबाबत हवा खेळती ठेवा म्हणजे गंज लागत नाही, असा सल्ला मला जवळजवळ प्रत्येकाने दिला. तो अर्धाच खरा आहे. बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा कोरडी असेल तेव्हाच तिचा उपयोग होतो. हवा 20 अंशांवर असून सापेक्ष आर्द्रता 60 टक्के असेल, तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, 12 अंशांवर येतो. रात्रभर गार झालेला इंजिनाचा ब्लॉक किंवा चॅसी 12 अंशांच्या खाली असताना सकाळी तीच हवा आत शिरली, की सगळ्या लोखंडावर दव साचते. म्हणून छताच्या पत्र्याखाली आणि भिंतींना उष्णतारोधक थर दिला, त्याच्या आतल्या बाजूला बाष्परोधक कागद लावला, दरवाज्यांना रबरी पट्ट्या बसवल्या आणि झरोक्यांऐवजी बंद करता येणारा पंखा घेतला. एक आर्द्रतामापक आत आणि एक बाहेर लावला आहे. दोन्हींकडचा दवबिंदू पाहूनच पंखा लावतो, एरवी आर्द्रता शोषणारे यंत्र चालते. पोलादाचा गंज साधारण 60 टक्क्यांच्या वर जोर धरतो, तर फार कोरड्या हवेत सीटचे चामडे आणि लाकडी चौकटी तडकतात; म्हणून 50 टक्क्यांच्या आसपास राहण्याचा प्रयत्न असतो. उबेसाठी रॉकेलची उघडी शेगडी मात्र अजिबात आणू नये, कारण एक लिटर रॉकेल जळताना सुमारे लिटरभर पाणी वाफ होऊन हवेत मिसळते. पावसात भिजलेली मोटारही थेट आत घेत नाही. ती आधी बाहेरच्या पडवीत निथळते.

विजेच्या कामात दोनच गोष्टींवर भर दिला. सर्व सॉकेट जमिनीपासून अर्ध्या मीटरहून वर, पेट्रोलची वाफ रेंगाळते त्या पट्ट्याच्या बाहेर घेतले आणि गळती होताच 30 मिलिअँपिअरवर वीज तोडणारे संरक्षण प्रत्येक सर्किटला दिले. दिव्यांच्या पट्ट्या मोटारीच्या माथ्यावर न लावता गाळ्याच्या दोन्ही कडांना लावल्या, कारण लिफ्ट वर गेली की माथ्यावरचा दिवा फक्त टप उजळतो आणि खाली काम करणाऱ्याच्या वाट्याला सावली येते.

कॉम्प्रेसर भिंतीबाहेरच्या छोट्या खोलीत ठेवल्याने आत बोलणे ऐकू येते. हवेच्या नळीला हलका उतार दिला, शेवटी पाणी काढायची तोटी बसवली आणि प्रत्येक फाटा मुख्य नळीच्या वरच्या अंगाने काढून खाली वळवला, म्हणजे साचलेले पाणी हवा मारायच्या गनमध्ये उतरत नाही. यासाठी पाण्याचे पीव्हीसी पाइप वापरणे धोक्याचे आहे. दाबाखाली ते तुकडे होऊन फुटतात.

मोटार आत चालू ठेवायची वेळ आली तर सायलेन्सरला नळी जोडून धूर थेट बाहेर सोडतो, कारण कार्ब्युरेटरच्या इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड बंद गाळ्यात फार लवकर जीवघेणा होतो. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते हवेने उडवून साफ न करता ओल्या फडक्याने पुसतो आणि ती फडकी बंद पिशवीत जातात. वेल्डिंगची जागा टाकी आणि थिनरपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात आहे, तर पावडरचे अग्निशामक बाहेर पडायच्या वाटेवर टांगले आहे. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर त्या कोपऱ्यात येऊच देत नाही, कारण वेल्डिंगच्या उष्णतेत त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

रंगकाम मात्र या इमारतीत करायचे नाही, हे आराखड्याच्या वेळीच ठरले होते. दोन घटकांच्या आधुनिक रंगातली आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायने साध्या मास्कने अडत नाहीत. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा आणि धूळ शोषणारी बंदिस्त खोली लागते. म्हणून पत्राकाम संपल्यावर मायनरचे शरीर चाकांच्या गाड्यावर बसवून रंगशाळेत न्यायचे आणि रंगून आले की जोडणीसाठी पुन्हा याच गाळ्यात आणायचे आहे. दरवाजे तीन मीटरचे ठेवण्यामागे हेही एक कारण होते, आणि गाडा सहज ढकलता यावा म्हणून उंबरठ्यावरचा लोखंडी कोन काँक्रीटच्या पातळीत बसवून घेतला आहे.