भरती किती वाजता?

"आणि भरती किती वाजता?" काल रात्री हिरोशिमातल्या हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंनी मियाजिमा बेटाच्या सहलीचा माझा कागद पाहून एवढंच विचारलं.

कागदावर बाकी सगळं होतं. मियाजिमागुची स्टेशनपर्यंत लोकल, अर्धा तास. पुढे फेरी, १० मिनिटं. बेटावर जायचा १०० येन कर. भरतीची वेळ तेवढी नव्हती.

त्यांनी ड्रॉवरमधून तक्ता काढला आणि आजच्या तारखेखाली पेन्सिलीने रेघ ओढली. आम्ही दहाची गाडी सोडून सातची धरली.

त्यामुळे दोन्ही पाहिलं. सकाळी इत्सुकुशिमा देवळाचं लाल तोरी, म्हणजे प्रवेशद्वार, पाण्यावर तरंगत असल्यासारखं. दुपारी ओहोटीला ओल्या वाळूतून थेट त्याच्या पायाशी. १८७५ सालचं, सुमारे १६ मीटर उंच, कापराच्या झाडाचे खांब, आणि ते जमिनीत पुरलेलेच नाहीत! नुसत्या वजनावर उभे. खाली शंखशिंपले चिकटलेले.

तिथे उभी असताना आजोबा आठवले. मुरुडला ते ओट्यावर बसल्या बसल्या तिथीवरून भरतीची वेळ सांगायचे. आज तिथी कोणती, हे मला फोनमध्ये बघावं लागलं.

तुमच्या घरी अजून कुणाला येतं का हे गणित?