तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्यांनीच दगा दिल्यावर देवावर भरवसा कसा ठेवायचा?

ज्या घरात प्रार्थना करायला शिकलो त्याच घरानं फसवलं, मग आता देवावर तरी भरवसा कसा ठेवायचा? हा प्रश्न बरेच जण विचारतात, आणि तोही असा दबक्या आवाजात, की जणू विचारणं हेच पाप. पाप नाही ते. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, हीच तक्रार प्रार्थना म्हणून लिहिलेली आहे.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र ५५ काढा आणि मोठ्यानं वाचा. १२ ते १४ या वचनांत दावीद राजा म्हणतो, वैऱ्यानं निंदा केली असती तर सोसली असती. पण हा तर माझा जिवलग, याच्याबरोबर मी देवाच्या मंदिरात जात असे. पंधराव्या वचनात तो अशा लोकांचं मरण मागतो. ते वचन गाळू नका. देवापुढे न बोललेला राग मुलाबाळांवर निघतो. सोळाव्यात दावीद सावरतो, सतराव्यात संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी गाऱ्हाणं करीन म्हणतो. आणि मग विसाव्या-एकविसाव्यात पुन्हा त्याच माणसाकडे वळतो, त्याच्या लोण्यासारख्या मऊ बोलण्याकडे. 'मी तर तुझ्यावर भरवसा ठेवीन' हे अगदी शेवटी, तेविसाव्यात येतं. तेव्हा निवलेलं मन एखाद्या लग्नाच्या आमंत्रणानं पुन्हा पेटलं, तर आपला विश्वास खोटा होता असं समजू नका.

हेच स्तोत्र काही आठवडे धरून ठेवा. दिवसातून तीनदा, दोन-तीन मिनिटं पुरेत. 'प्रभू, सगळं ठीक कर' अशी मोघम प्रार्थना करू नका. काय गेलं ते एकेक नाव घेऊन सांगा: पैसे, वाटा, चारचौघांतलं नाव, आईनं आपली बाजू घेतली नाही ते. बाविसावं वचन भार परमेश्वरावर टाकायला सांगतं. भार कसला ते न सांगता तो टाकता येत नाही.

घोटाळा बहुतेकदा क्षमेपाशी होतो. नातेवाईक म्हणतात, 'क्षमा केलीस ना, मग पहिल्यासारखं वाग.' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उत्पत्तीच्या पुस्तकातली योसेफाची गोष्ट नीट वाचली की ते दिसतं. सतराव्या वर्षाच्या सुमारास भावांनी त्याला चांदीच्या वीस तुकड्यांना विकलं. तिसाव्या वर्षी तो फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहिला आणि देशाचा अधिकारी झाला. पहिल्या मुलाचं नाव त्यानं मनश्शे ठेवलं, कारण देवानं मला बापाच्या घराचा विसर पाडला, असं तो म्हणाला. पण दुष्काळात भाऊ त्याच्याकडेच धान्याला आले, त्याला ओळखलं नाही, तेव्हा त्यांचं बोलणं ऐकून तो बाजूला जाऊन रडला. विसर पडलेला नव्हताच.

तरी त्यानं लगेच ओळख दिली नाही. दुभाष्या मध्ये ठेवून बोलला, शिमोन या भावाला अडकवून ठेवलं, मग सर्वांत धाकट्या बन्यामीनाच्या गोणीत आपला प्याला ठेववला. भावांपुढे जुनाच प्रसंग उभा राहिला: बापाचा लाडका धाकटा संकटात, आणि त्याला सोडून घरी जायची मोकळीक. या वेळी यहूदा पुढे आला. योसेफाला विकू या असं सुचवणारा हाच यहूदा. 'याच्या जागी मला गुलाम करून ठेवा,' तो म्हणाला. त्यानंतरच योसेफानं ओळख दिली.

म्हणजे क्षमा करणं तुमच्या हाती, पण भरवसा समोरच्यानं मिळवायचा असतो. कबुलीत 'पण तूही...' येतं का ते पाहा. घेतलेलं परत देण्याची तयारी आहे का? येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदारानं चौपट देऊ केलं होतं. 'अजून घरी येऊ नका' म्हटल्यावर ऐकून घेतात की मंडळीत, म्हणजे चर्चमधल्या लोकांत, तुमच्याविरुद्ध बोलतात? तोवर नव्या कागदावर सही नको, उसने पैसे नकोत. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौलही 'शक्य असेल तर, तुम्हांकडून होईल तितकं' शांतीनं राहा म्हणतो. म्हणजे ते नेहमीच शक्य नसतं हे त्याला मान्य आहे.

मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल, तर 'आधी त्याला एकांतात भेट' हा मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायातला सल्ला तुम्हाला कोणी देऊ नये. आधी सुरक्षित जागा, मग पोलीस. पाळकानं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूनं, घरातली बाब घरातच ठेवा म्हटलं, तर दुसऱ्या कुणाची मदत घ्या.

आणि बापानंच दगा दिला असेल तर 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' हे शब्द घशात अडकतात. ते ओढून ताणून म्हणू नका. शास्त्रात देव मेंढपाळही आहे, खडक आहे, आश्रय आहे. स्तोत्र २७ च्या दहाव्या वचनात आईबापांनी टाकलेल्याला जवळ घेणारा आहे. जे नाव तोंडी येतं त्यानं हाक मारा. 'पिता' म्हणायला काही वर्षं लागली, तरी प्रार्थना तेवढीच खरी असते.