तुम्ही विचारलंत म्हणून : ते कपाट अजून घरात का आहे

हा प्रश्न नेहमी लेकीच्या खोलीच्या दारातच विचारला जातो. पाहुण्यांची नजर आधी पांढऱ्या ड्रॉवरच्या कपाटाकडे जाते, मग तिच्या डाव्या हाताकडे, मग माझ्याकडे. "हिच्यावर पडलेलं कपाट हेच ना? आणि तू अजून त्याच दुकानातून सामान आणतेस?" नणंदेने विचारलं, ऑफिसातल्या मैत्रिणींनी विचारलं. आईने इतक्यांदा विचारलं की आता ती नुसती मान हलवते. दर वेळी मी काहीतरी तुटक बोलून स्वयंपाकघरात निघून गेले आहे. आज नीट सांगते.

आधी पैशाचं. खोक्यातून आणून स्वतः जोडायचं फर्निचर आम्ही हौस म्हणून घेतलं नाही. सुताराने त्याच मापाच्या कपाटाचे जवळपास तिप्पट पैसे सांगितले होते आणि दोन महिने थांबायला सांगितलं होतं. आमच्याकडे रिकामी खोली होती, जमिनीवर कपड्यांच्या पिशव्या होत्या आणि पावणेतीन वर्षांची मुलगी होती. त्या दुकानात शनिवारी दुपारी गेलो आणि संध्याकाळी कपाट घरी आलं.

"भुशाचं फर्निचर ते, कधीतरी दगा देणारच," असं म्हणणाऱ्यांचं मला अजूनही पटत नाही. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा डिंकाने दाबून केलेली फळी, हे मला माहीत आहे. ती पाण्याने फुगते. तिच्यात स्क्रू एकदा काढून पुन्हा त्याच भोकात घातला की पकड सैल होते. कडेची पट्टी उखडली की तिथून ओल शिरते. पण माझ्या लेकीवर कपाट पडलं ते फळी तुटली म्हणून नाही. अस्सल लाकडाचं, सुताराने जीव ओतून केलेलं, तेवढंच उंच आणि तेवढंच खोल कपाट असतं तरी ते पडू शकलं असतं. आईला हे मी कधीच पटवून देऊ शकले नाही.

आणि सुट्या भागांचं फर्निचर म्हणजे आजकालचा तकलादूपणा, हेही खरं नाही. फर्निचर बनवणाऱ्या मिखाएल थोनेटची वाफेने वाकवलेल्या लाकडाची 14 नंबरची खुर्ची 1859 सालची. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. एक घनमीटरच्या खोक्यात अशा 36 खुर्च्या सुट्या भरून जगभर जायच्या आणि पोचतील तिथे जोडल्या जायच्या. आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीने सपाट खोक्यांची पद्धत 1956 मध्ये सुरू केली, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी. वाहतुकीत हवा भरून न्यायची नाही, जोडणीची मजुरी गिऱ्हाइकाने स्वतःच्या हातांनी भरायची, म्हणून वस्तू स्वस्त. हा हिशोब मला आजही चोख वाटतो. माझ्यासारख्यांच्या घरात पलंग, टेबल, पुस्तकांचं शेल्फ आलं ते या हिशोबामुळेच.

आता त्या दिवसाबद्दल.

रविवारची सकाळ होती. नवरा बाहेर गेला होता, मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. लेकीला पिवळा फ्रॉक हवा होता आणि तो वरून दुसऱ्या ड्रॉवरमध्ये होता. तिने खालचे दोन ड्रॉवर ओढून त्यांची पायरी केली. हे मी पाहिलं नाही, नंतर बघून जुळवलं. मी ऐकला तो आवाज आधी धपकन असा नव्हता. सगळे ड्रॉवर एकदम घसरत बाहेर आल्याची सर्र अशी लांब ओढ होती, आणि मग दणका. त्यानंतर काहीच नाही. रडणंही नाही. ती शांतता किती वेळ होती ते मला सांगता येणार नाही. माझ्या हातात ओला टॉवेल होता आणि तो मी खोलीपर्यंत तसाच घेऊन गेले.

कपाट पूर्ण आडवं झालं नव्हतं. वरची कड पलंगाच्या चौकटीला अडकली होती आणि खाली तिरकी पोकळी राहिली होती. तिथून दोन पाय दिसत होते. मी पुढून उचलायला गेले तर बाहेर आलेले ड्रॉवर पलंगाला टेकून कपाट आणखी खाली दाबलं जाईल असं दिसलं. मग बाजूने खांदा लावला. एका कोपऱ्यात, जिथे दोन फळ्या जोडणारा कॅम लॉक बसतो तिथे, फळी चिरल्याचा आवाज आला आणि कपाट सरकलं. लेक कपड्यांच्या ढिगात होती. ड्रॉवरमधले तिचेच कपडे तिच्याभोवती पडले होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग रडली. ते रडणं ऐकून माझे पाय गेले.

डाव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली होती. बाकी काही नाही. "बाकी काही नाही" हे शब्द डॉक्टरांचे. प्लॅस्टर घालताना त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "कपाट भिंतीला लावलेलं नव्हतं का?"

मी म्हणाले, "भाड्याचं घर आहे."

या उत्तराशी मी चार वर्षं भांडते आहे. तेव्हाची मी म्हणते, करारात लिहिलं होतं की भिंतीला खिळा मारायचा नाही. डिपॉझिट अडकलं असतं. घरात ड्रिल नव्हतं. सगळ्यांच्याच घरी कपाटं अशीच उभी असतात. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण मी घरमालकांना विचारलंच नव्हतं. इस्पितळातून आल्यावर दोन दिवसांनी फोन केला, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अहो, लेकराच्या खोलीसाठी विचारलं असतंत तर मी नाही कशाला म्हटलं असतं?"

कपाट जोडलं त्या रात्रीचं सगळं मला आठवतं. साडेतीन तास लागले. माहितीपुस्तिकेत शब्द नव्हते, नुसती चित्रं. एक बाजू उलटी बसवली म्हणून पुन्हा उघडली. मागची पातळ फळी, म्हणजे हार्डबोर्ड, ठोकायच्या आधी दोन्ही कर्ण मोजून चौकट काटकोनात आणली, कारण तिथे चूक झाली की ड्रॉवर कायम घासत राहतात. शेवटच्या पानावर कपाट भिंतीला बांधल्याचं चित्र होतं. पिशवीत पट्टी होती, पण भिंतीत बसवायचे स्क्रू नव्हते. ते कंपन्या सहसा देत नाहीत, कारण विटेच्या भिंतीला वेगळे लागतात, काँक्रीटला वेगळे, जिप्समच्या पोकळ भिंतीला वेगळे. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी ती पट्टी जास्तीच्या स्क्रूंबरोबर एका छोट्या पिशवीत घातली आणि पिशवी स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये टाकली. इस्पितळातून आलेल्या रात्री ती शोधली. पहिल्याच प्रयत्नात सापडली.

आयकिया इफेक्ट म्हणून एक गोष्ट आहे. माझं कपाट त्या कंपनीचं नव्हतं, नाव तेवढं तिचं पडलंय. नॉर्टन, मोशॉन आणि एरियली या संशोधकांनी 2012 साली ती मांडली. एका प्रयोगात काहींना साधा खोका स्वतः जोडायला दिला, काहींना तोच आयता दिला. जोडणाऱ्यांनी त्यासाठी सुमारे 63 टक्के जास्त किंमत मोजायची तयारी दाखवली. मी हे वाचलं तेव्हा मला त्यात पैसे दिसले नाहीत. प्रत्येक स्क्रू माझ्या हाताने पिळलेला होता, म्हणून मला ते कपाट भरवशाचं वाटत होतं. मी त्याला एकदाही पुढून ओढून पाहिलं नाही.

ओढून पाहिलं होतं ते दुकानात. नवऱ्याने पाचही ड्रॉवर बाहेर काढले, वरची कड धरून हलवलं आणि म्हणाला, "बघ, किती भक्कम आहे." ते जागचं हललं नाही. चार महिन्यांनी गादी बघायला पुन्हा तिथे गेलो. बाणांच्या वाटेने चालत मी त्याच कपाटापाशी आले आणि भिंत आणि कपाट यांच्यामधल्या फटीत हात घातला. दोन लोखंडी अँगल लागले. तिथल्या मुलाला विचारलं तर तो साधेपणाने म्हणाला, "मॅडम, इथे सगळंच भिंतीला बांधलेलं असतं. लोक मुलांना घेऊन येतात ना." मी तिथल्याच एका सोफ्यावर बसले. नवरा काय झालं म्हणून विचारत राहिला.

इतके दिवस मी मनात म्हणत होते की त्यांनी मला फसवलं. त्या सोफ्यावर बसून मी फोनमधले जुने फोटो काढले. खरेदीच्या दिवशी मी कपाटाच्या चिठ्ठीचा फोटो घेतला होता, खाली गोदामात कुठल्या रांगेतून आणि कुठल्या रॅकवरून खोके उचलायचे तो आकडा लक्षात राहावा म्हणून. रॅकच्या आकड्याच्या वर दोन ओळींवर छापलं होतं की हे कपाट भिंतीला बसवणं आवश्यक आहे. ती ओळ चार महिने माझ्या खिशात होती.

तरीही दोष एकटीचा आहे असं मी म्हणणार नाही. तुम्ही तसं सुचवलंत तर मला राग येतो, आणि तो योग्य आहे असं मला वाटतं. 2016 साली अमेरिकेत एका बड्या कंपनीने अशी जवळपास 2 कोटी 90 लाख कपाटं परत मागवली, मुलं दगावल्यानंतर. एवढ्या घरांतले आईबाप एकाच वेळी निष्काळजी कसे असतील? तिथे कपाट कलंडतं का हे बघायच्या पूर्वीच्या चाचणीत एका वेळी एकच ड्रॉवर उघडून त्यावर सुमारे 23 किलो वजन ठेवत, बाकीचे बंद आणि रिकामे. खऱ्या घरात कपाट भरलेलं असतं, ड्रॉवर तीन-चार एकदम उघडतात, खाली गालिचा असला तर पुढचे पाय रुततात. दगावलेल्या मुलांच्या आईबापांनी पाठपुरावा केल्यावर 2022 च्या डिसेंबरात कायदा झाला आणि सप्टेंबर 2023 पासून चाचणी बदलली. आता भरलेले ड्रॉवर उघडे ठेवतात, गालिचा धरतात, वजन 27 किलो घेतात. 27 इंच किंवा त्याहून उंच कपाटांना हे लागू आहे. एवढं करता येत होतं, तर ते आधी का केलं नाही? सगळा भार एका छोट्या पट्टीवर आणि रात्री साडेअकराला दमलेल्या माणसावर का टाकला?

आता दुकानात मी वेगळी वागते. चिठ्ठी पूर्ण वाचते. उंचीपेक्षा कपाट किती खोल आहे ते आधी बघते. आमचं कपाट माझ्या छातीइतकं उंच आणि जेमतेम चाळीस सेंटीमीटर खोल होतं. छोट्या खोलीत मावेल म्हणून तेच आवडलं होतं. एक ड्रॉवर उघडा असताना दुसरा उघडू न देणारी अडकण आहे का ते बघते. त्याच फेरीत भिंतीप्रमाणे स्क्रू आणि रावल प्लग, म्हणजे स्क्रूसाठी भिंतीच्या भोकात बसवायच्या नळ्या, घेते. भिंतीच्या तळाशी असलेल्या स्कर्टिंगच्या पट्टीमुळे मागे फट राहत असेल तर मधे लाकडी ठोकळा लावायचा, हेही आता ठाऊक आहे. अनोळखी जोडपी लहान मुलाबरोबर कपाटापुढे उभी दिसली की थांबून सांगते. बहुतेक जण ऐकून घेतात. एका बाईंनी नवऱ्याचा हात धरून त्याला दुसरीकडे नेलं.

मग तेच कपाट घरात का? हे मला स्वतःला नीट सांगता येत नाही. चिरलेल्या कोपऱ्याला आतून पट्टी मारली, मागचा हार्डबोर्ड नवा घातला, दोन अँगलनी भिंतीला बांधलं. नवऱ्याला ते नजरेसमोर नको आहे. त्याने दोनदा विकायला काढलं आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. आधी म्हणायचे की आपण विकलं तर ते दुसऱ्या कुणाच्या मुलाच्या खोलीत पट्टीशिवाय उभं राहील. त्यावर तो म्हणाला, मग फोडून टाकू. त्याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण कपाट राहिलं. कदाचित ते नेलं की मीही "भाड्याचं घर आहे" म्हणणारी बाई पुन्हा होईन, ही भीती असेल. कदाचित नुसता हट्ट असेल. नवरा म्हणतो तू स्वतःला शिक्षा करते आहेस. तसं नाही, असं मी ठामपणे म्हणू शकत नाही.

लेकीला काही आठवत नाही. तिला ती गोष्ट आम्ही सांगितलेली म्हणून माहीत आहे. ती आता सात वर्षांची आहे, जड पुस्तकं स्वतःच खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवते, आणि पाहुणे दारात थबकले की डावा हात पाठीमागे घेते. हे मला अलीकडेच लक्षात आलं. म्हणून विनंती आहे, प्रश्न विचारायचाच असेल तर तिच्या खोलीच्या दारात विचारू नका.

पुढच्या महिन्यात तिच्या अभ्यासाचं टेबल घ्यायला आम्ही तिघं पुन्हा त्या दुकानात जाणार आहोत. नवरा म्हणतो त्याच फेरीत नवं कपाटही बघू. खोलीची मापं मी घेऊन ठेवली आहेत, पण अजून हो म्हटलेलं नाही.