‘लाइट’च्या उलट काय?

इंग्रजीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांपैकी काही नियामकाकडे पुन्हा येतात. त्या दिवशी ते काम माझ्याकडे होतं. विरुद्धार्थी शब्द म्हणजे हमखास गुणांचा प्रश्न. तपासणारे उत्तरसूचीशी ताडून भराभर पुढे जातात. पण एका गठ्ठ्यात ‘लाइट’समोर ‘डार्क’ लिहिलेल्या साऱ्या मुलांना शून्य दिलेलं दिसलं. सूचीत उत्तर होतं ‘हेवी’.

प्रश्नात नुसता शब्द होता, वाक्य नव्हतं. मग मुलांनी कोणता ‘लाइट’ धरायचा? मी शब्दकोश उघडला. उजेडाचा ‘लाइट’ आणि कमी वजनाचा ‘लाइट’ यांच्या तिथे स्वतंत्र नोंदी आहेत, कारण हे मुळातच दोन वेगळे शब्द. काळाच्या ओघात त्यांचं रूप एक झालं, इतकंच. उलट ‘राइट’ हा एकच शब्द, तरी उजव्या बाजूला ‘लेफ्ट’ आणि बरोबरला ‘राँग’. ‘ओल्ड’ माणसासमोर ‘यंग’ येतं, ‘ओल्ड’ पुस्तकासमोर ‘न्यू’. रस्ता ‘शॉर्ट’ असेल तर ‘लाँग’, माणूस असेल तर ‘टॉल’.

“मॅडम, सूचीबाहेरचं मान्य केलं तर उद्या कुणीही काहीही लिहील,” एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. त्यांची काळजी रास्त होती. सगळ्यांना एकच माप लागावं म्हणून तर सूची असते. मी म्हटलं, “सर, उत्तर वाक्यात बसवून बघू. बसलं तर गुण, नाही तर नाही.” त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

पुढच्याच ओळीवर आम्ही दोघंही थबकलो. सूचीत ‘व्हॅल्युएबल’चा विरुद्धार्थी ‘इनव्हॅल्युएबल’ दिला होता. ‘करेक्ट-इनकरेक्ट’, ‘व्हिजिबल-इनव्हिजिबल’ यांच्या चालीवर कुणीतरी लिहून टाकलेलं. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे ज्याचं मोल करता येत नाही इतकं मौल्यवान. आपल्या ‘अमूल्य’मधला ‘अ’ हेच काम करतो. आणि ‘वर्थलेस’ असं अचूक लिहिणाऱ्या मुलीच्या उत्तरावर लाल फुली! मला फार वाईट वाटलं. तिने विचार केला होता, आम्ही केला नव्हता.

“एवढ्याशा गुणासाठी?” कुणीतरी विचारलं. मी ‘इन्फ्लेमेबल’ची गोष्ट सांगितली. त्याचा अर्थ पेट घेणारं. पण ‘इन’मुळे ‘न पेटणारं’ असा समज होऊ शकतो. म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात ‘फ्लेमेबल’ हाच शब्द वापरा असा आग्रह धरला. न पेटणाऱ्यासाठी ‘नॉन-फ्लेमेबल’. असा शब्द पिंपावर लिहिलेला असतो, तेव्हा प्रश्न गुणांचा राहत नाही.

‘इनव्हॅल्युएबल’ लिहिणाऱ्यांचं काय करायचं, यावर बराच वाद झाला. सूची चुकली ती आमची, त्यांना गुण द्या, असं सरांचं मत. मला ते पटलं नाही. चुकीचा अर्थ बरोबर ठरवून मुलांना पाठवणं मला जमेना. शेवटी तो गुण काढला, ‘वर्थलेस’ला दिला आणि गठ्ठे पुन्हा उघडले.

संध्याकाळी एका पत्रिकेत ‘हॉट’पुढे ‘नॉट हॉट’ सापडलं. सर माझ्याकडे बघू लागले. मी नकार दिला: जिवंत नाही तो मेलेलाच, पण गरम नाही ते कोमटही असू शकतं. तिथे शून्यच ठेवलं. अहवालात एवढीच शिफारस लिहिली, की पुढच्या वेळी प्रत्येक शब्द वाक्यातच विचारावा.