८.३ चा भूकंप आणि पृष्ठीय तरंगांचा पत्ता नाही

२४ मे २०१३ रोजी ०५:४४:४८ यूटीसीला रशियाच्या पूर्वेकडच्या ओखोट्स्कच्या समुद्राखाली ८.३ महत्तेचा (आकाराचा) भूकंप झाला. आमचं भूकंपमापन केंद्र तिथून साधारण ६० अंशांवर (पृथ्वीच्या मध्यापाशी मोजलेला कोन), म्हणजे साडेसहा-पावणेसात हजार किलोमीटरवर. पहिली पी, म्हणजे सगळ्यांत वेगवान भूकंप-तरंग, नऊ मिनिटांनी पोचली. उभी हालचाल नोंदणाऱ्या घटकावर तिची सुरुवात इतकी स्वच्छ होती की पिक करताना, म्हणजे येण्याची वेळ खुणावताना, झूम करायचीही गरज पडली नाही. आयाम बघून एवढं लगेच कळलं की भूकंप आठच्या पुढचा आहे. त्या क्षणी त्यापलीकडे काहीच कळत नव्हतं, आणि ड्युटीवरच्या माणसाला खरं हवं असतं ते नेमकं त्यापलीकडचंच: नाभी, म्हणजे भूकंप सुरू झाला तो बिंदू, किती खोल?

स्वयंचलित प्रणालीचं पहिलं उत्तर मोजक्या केंद्रांवर निघतं. डेटा तुटपुंजा असला की ती खोली शोधत बसत नाही, १० किलोमीटरवर बांधून टाकते. (जुन्या भूकंप-याद्यांमध्ये हाच आकडा ३३ असायचा.) हा आळस नव्हे. सगळी केंद्रं लांबची असतील तर खोली आणि भूकंपाची वेळ एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की नाभी खाली ढकला आणि घड्याळ पुढे सरकवा, पी पोचण्याच्या वेळा जवळपास त्याच राहतात. वेळेत एका सेकंदाची चूक म्हणजे खोलीत दहा-तेरा किलोमीटरची. त्यामुळे खोली मोकळी सोडली तर गणित कुठेही भरकटतं. बांधून ठेवली तर निदान अपिकेंद्र (नाभीच्या थेट वरचा पृष्ठभागावरचा बिंदू) जागेवर येतं.

पण खरी खोली ६०० च्या घरात असेल तर बांधलेलं उत्तर स्वतःच चुगली करतं. त्यासाठी अवशेष बघायचे, म्हणजे प्रत्यक्ष वेळ वजा गणिताची वेळ. खोलातून निघालेल्या पीला वरचा रस्ता कापावाच लागत नाही, म्हणून ती उथळ भूकंपाच्या प्रवासवेळांच्या कोष्टकापेक्षा लवकर येते: ३० अंशांवर सुमारे ४९ सेकंद, ६० वर ५८, ९० वर ६७. यातला सरासरी भाग गणित भूकंपाच्या वेळेत जिरवतं आणि भूकंप मिनिटभर आधीच झाल्याचं दाखवतं. उरतो तो कल. जवळची केंद्रं आठ-नऊ सेकंद उशिरा, लांबची तेवढीच लवकर. एखाद्या केंद्राचं घड्याळ बिघडलं तर एकच ठिपका बाजूला पडतो. इथे सगळे ठिपके एका तिरप्या रेषेत उभे होते. असा कल दिसला की अपिकेंद्र इकडेतिकडे हलवण्यात वेळ घालवायचा नाही, थेट खोलीच्या फेजेस, म्हणजे खोली सांगणारे मागाहून येणारे तरंग, शोधायला लागायचं.

नाभीतून काही ऊर्जा आधी सरळ वर जाते, अपिकेंद्राजवळच्या पृष्ठभागावर आपटते आणि परत खाली वळून मग आपल्याकडे येते. लॅबमध्ये तिला 'स्मॉल-पी-पी' म्हणतात. वर जाण्याचा तुकडा एस (पीपेक्षा हळू जाणारा आडवा तरंग) म्हणून गेला तर 'स्मॉल-एस-पी'. ६०० किलोमीटर खोलीला आणि ६० अंशांवर पहिली पीनंतर जवळपास दोन मिनिटांनी येते, दुसरी तीन मिनिटांनी. हे अंतर खोलीवर थेट चालतं, दर दहा किलोमीटरला दीड सेकंद. केंद्र दहा अंश पुढे-मागे असलं तरी त्यात जेमतेम काही सेकंदांचा फरक पडतो. खोली काढायला याहून भरवशाचं साधन दुसरं नाही.

अडचण अशी की त्या दोन-अडीच मिनिटांत गर्दी असते. पाऊण मिनिटाच्या आसपास गाभ्यावरून परावर्तित झालेली पीसीपी येते. ती बारीक आणि टोकदार असते, ओळखायला फारसा त्रास देत नाही. खरा घोळ घालते पीपी, म्हणजे वाटेत मध्यावर पृष्ठभागाला एकदा टेकून आलेली पी. ६० अंशांवर ती स्मॉल-पी-पीच्या मागोमाग वीस-पंचवीस सेकंदांनीच येते आणि दिसायला दणकट असते. तिलाच खोलीची फेज समजून बसलात तर गणित नाभीला दीडशे किलोमीटर आणखी खाली, ७०० च्याही पलीकडे नेऊन ठेवेल, जिथे भूकंप जवळपास होतच नाहीत. एकाच केंद्राचा आलेख बघून या दोघींत फरक करायला जाऊ नये. पाच-सहा केंद्रांचे आलेख अंतरानुसार एकाखाली एक लावायचे आणि सगळ्यांच्या पी एका रेषेत आणायच्या. स्मॉल-पी-पी जवळपास उभ्या रेषेत उतरते. पीपी मात्र अंतर वाढेल तशी उजवीकडे सरकत जाते. मंदता, म्हणजे अंतर एका अंशाने वाढलं की किती सेकंद जास्त लागतात ते, मोजता आली तर आणखी सोपं: पी आणि स्मॉल-पी-पी दोन्ही अंशाला सात सेकंदांच्या आसपास, पीपी नऊच्या जवळ.

आणखी दोन खड्डे. एक समुद्राचा. परावर्तनाची जागा पाण्याखाली असेल तर थोडी ऊर्जा समुद्रतळावरून परतते आणि थोडी पाण्याच्या पृष्ठभागावरून. एक किलोमीटर पाण्यामागे दुसरी १.३ सेकंद उशिरा येते, आणि कधी तीच जास्त ठळक असते. ती पिक केली की खोली आठ-नऊ किलोमीटरनी फुगते. परावर्तनाचा बिंदूही अपिकेंद्राच्या डोक्यावर नसतो, एवढ्या खोल नाभीला तो शेकडो किलोमीटर बाजूला पडतो. म्हणून पाण्याची खोली त्या बिंदूची घ्यायची, अपिकेंद्राची नाही.

दुसरा खड्डा फिल्टरचा. आलेख छान दिसावा म्हणून शून्य-कला फिल्टर लावायची सवय सगळ्यांना असते. तो फिल्टर डेटावर पुढून आणि मागून असा दोनदा फिरतो. त्यामुळे खऱ्या सुरुवातीच्या आधी खोट्या लहरी उमटतात आणि पिक अर्धा सेकंद, कधी त्याहूनही आधी पडतो. पिक एकदिशा (फक्त पुढून फिरणाऱ्या) फिल्टरवर, शक्य असेल तर कच्च्या आलेखावरच घ्यायचा. शून्य-कला फिल्टर अहवालातल्या चित्रांसाठी ठेवावा.

एसची गोष्ट थोडक्यात. ती साडेसोळा मिनिटांच्या आसपास आली, पीनंतर जवळपास साडेसात मिनिटांनी. उथळ कोष्टकात एवढा फरक ५२-५३ अंशांना येतो. म्हणजे खोली न बघता एका केंद्राच्या एस-पी फरकावरून अंतर काढलं असतं तर ते सातआठशे किलोमीटर कमी आलं असतं.

मग पृष्ठीय तरंगांची, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरणाऱ्या तरंगांची, वाट बघणं. ६० अंशांवर ते भूकंपानंतर अर्ध्या तासाच्या आसपास येतात. उथळ ८.३ असता तर २० सेकंद आवर्तकालाच्या रेले तरंगांनी (पृष्ठीय तरंगांचा एक प्रकार) आमच्याखालची जमीन दोन मिलिमीटर वर-खाली केली असती. पृष्ठीय तरंगांच्या महत्तेचं सूत्र उलटं फिरवून बघा: लॉग(आयाम/आवर्तकाल) + १.६६ लॉग(अंतर) + ३.३, आयाम मायक्रोमीटरमध्ये, अंतर अंशांमध्ये. दोन मिलिमीटर म्हणजे अख्खा पडदा भरून वाहायला हवा. प्रत्यक्षात एस आणि तिची परावर्तनं ओसरल्यावर त्या आवर्तकालाच्या पट्ट्यात नाव घेण्यासारखं काही उरलंच नाही. कारण सरळ आहे. २० सेकंदांच्या रेले तरंगाची लांबी ७० किलोमीटरच्या आसपास असते आणि तेवढ्या खोलीच्या आतच त्याची हालचाल विरते. ६०० किलोमीटरवरून तो हलवायचा म्हणजे ज्या दोरीला हातच पोचत नाही ती ओढण्यासारखं आहे. म्हणून हे सूत्र ६० किलोमीटरहून खोल भूकंपांना लावतच नाहीत.

सेकंदभराच्या आवर्तकालाची पी मोजणारी महत्ताही इथे उपयोगाची नव्हती. एवढ्या मोठ्या भूकंपाला ती वर जाऊन अडते, कारण भ्रंश (खडकातली घसरणारी भेग) अर्धा मिनिट फाटत असताना ती सुरुवातीच्या थोड्या सेकंदांकडेच बघते. पीनंतर लगेच येणाऱ्या दीर्घ आवर्तकालाच्या डब्ल्यू-फेज नावाच्या तरंगावरून आघूर्ण (भूकंपाच्या एकूण आकाराचं माप) काढावं लागतं. ते आलं ४ × १०²¹ न्यूटन-मीटरच्या आसपास. त्याच्या लॉगमधून ९.१ वजा करून दोन तृतीयांश घेतले की ८.३ येतात. अंतिम खोली ६०० किलोमीटरच्या आसपास ठरली. खोल भूकंपांमध्ये यंत्रांनी नोंदलेला हा सर्वांत मोठा. त्याआधीचा मान ९ जून १९९४ च्या बोलिव्हियाकडे होता, ८.२ चा.

एवढं खाली खडक तुटतोच कसा, हा प्रश्न जपानी भूकंपशास्त्रज्ञ वदाती यांनी १९२८ मध्ये खोल भूकंप ठामपणे दाखवून दिले तेव्हापासून आहे. दाब २१ गिगापास्कलच्या पुढे, म्हणजे दोन लाख वातावरणांहून जास्त. नेहमीच्या घर्षणाने भ्रंश सरकणं अशक्यच. इथे पॅसिफिक भूपट्ट वर्षाला सुमारे आठ सेंटिमीटरने रशियाच्या कामचात्का द्वीपकल्पाखाली घुसतो, आणि त्या तिरप्या वाटेने ६०० किलोमीटर खोली गाठायला त्याला एक कोटी वर्षं लागतात. एवढ्या काळातही त्याचं पोट तापत नाही, भोवतालच्या प्रावरणापेक्षा ते शेकडो अंशांनी थंड राहतं. एका मतानुसार ऑलिव्हिन (प्रावरणातलं मुख्य खनिज) ४१० किलोमीटरवर बदलायला हवं ते या थंडीत न बदलता तसंच खाली जातं आणि पुढे अचानक पट्ट्यापट्ट्यांनी घट्ट रूप घेतं, त्या पट्ट्यांवर खडक घसरतो. दुसऱ्या मतानुसार घसरणीची उष्णता जागीच साठून खडक वितळत जातो आणि घसरण आणखी पळत सुटते. माझा कल असा की सुरुवात पहिल्याने आणि विस्तार दुसऱ्याने. केवळ न बदललेल्या ऑलिव्हिनचा अरुंद गाभा एवढ्या मोठ्या भ्रंशाला पुरेल, असं वाटत नाही. दिशेबद्दल मात्र वाद नाही. आघूर्ण-प्रदिशाचा (भ्रंश कसा सरकला ते सांगणाऱ्या गणिताचा) दाब-अक्ष, म्हणजे खडक ज्या दिशेने दाबला गेला ती दिशा, भूपट्टाच्या उताराला धरून होता. भूपट्ट स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो, वरच्या आणि खालच्या प्रावरणातली ६६० किलोमीटरची सीमा त्याला अडवते, आणि मधला भाग लांबीच्या दिशेने दाबला जातो.

त्या दिवशी नुकसान जवळपास शून्य, पण हादरा मॉस्कोपर्यंत जाणवला. खोल भूकंपांचं हे नेहमीचंच आहे: कुठेही जोराचे नाहीत आणि जाणवतात मात्र सगळीकडे. ३० मे २०१५ चा ओगासावारा बेटांजवळचा, ६८० किलोमीटरच्या आसपास खोलीचा भूकंप जपानच्या सगळ्या ४७ प्रांतांत जाणवला होता.

पडदा शांत झाल्यावरही रेकॉर्डिंग थांबवू नये. असे भूकंप पृथ्वीचा संपूर्ण गोल फुगण्या-आकसण्याचा स्वर चांगला छेडतात. त्याचा आवर्तकाल २०.५ मिनिटांचा आहे आणि तो इतका हळू विरतो की कित्येक दिवसांच्या सलग नोंदीच्या वर्णपटात (कोणत्या आवर्तकालाची हालचाल किती ते दाखवणाऱ्या आलेखात) त्याचा सुळका वर आलेला दिसतो. त्यासाठी नोंद अखंड हवी. मध्येच कोणी संवेदकाचं वस्तुमान (आतलं हलणारं वजन) मध्यावर आणायची कमांड दिली तर नोंदीत पायरी पडते आणि तो तुकडा बाद होतो. मोठ्या भूकंपानंतर निदान आठवडाभर देखभालीची कामं पुढे ढकलावीत.

भूकंप-यादीतून डेटा घेऊन भूपट्टाचा छेद काढणाऱ्यांसाठी एक सूचना. खोलीच्या रकान्यात नेमके १०.० किंवा ३३.० दिसले तर ती मोजलेली खोली नाही, बांधलेली आहे. शेजारच्या रकान्यात तशी खूण असते. त्या नोंदी आधी वगळा, नाहीतर छेदात दोन आडव्या रेषा उमटतील आणि त्या जमिनीत कुठेच नाहीत.