पट्टी शोधून देणारा प्राध्यापक

सांगली-मिरजेच्या एखाद्या घरात पोरगं विशारद झालं की 'आता पुढे काय?' हा प्रश्न ठरलेला. कुणी आकाशवाणीचं नाव काढतं, कुणी शाळेतल्या संगीत शिक्षकाच्या जागेचं. घर जरा हौशी असेल तर 'प्राध्यापक हो' असं सांगतं. या शेवटच्या रस्त्याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते. कागदपत्रांचा भाग आधी उरकून टाकू, तो तसा सोपा आहे.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून अलंकार पूर्णपर्यंत नऊ पायऱ्यांच्या आहेत. पण अलंकार म्हणजेच एम.ए. असं गृहीत धरून अर्ज भरू नये. समकक्षता ज्या-त्या विद्यापीठाच्या हातात असते. ज्याला महाविद्यालयातच शिकवायचं आहे त्याने सरळ एम.ए. करावं, किमान ५५ टक्के मिळवावेत (राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सूट आहे) आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा द्यावी. नेटला सामान्य पेपरचे ५० प्रश्न १०० गुणांना आणि संगीताचे १०० प्रश्न २०० गुणांना असतात. वेळ तीन तास आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. ऐच्छिक झाली आहे. मात्र सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर ती लागतेच. कलाकारांसाठी एक वेगळं दारही आहे: पदवी, नामवंत गुरूकडची तालीम, आकाशवाणीची 'ए' श्रेणी आणि विषय सोदाहरण समजावून सांगण्याची हातोटी. हे दार अनेकांना माहीतच नसतं, आणि 'ए' श्रेणीपर्यंत पोचणारे मुळातच थोडे.

पूर्णवेळ जागेचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं आणि आठवड्याला १६ तास शिकवावं लागतं. प्रत्यक्षात संगीताच्या कित्येक जागा तासिका तत्त्वावर भरतात. तिथे दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी म्हणजे बिनपगारी महिने. म्हणून घरच्या शिकवण्या बंद करायची घाई कुणी करू नये.

कागद संपले. निवड समितीपुढे राग किती येतात, अप्रचलित काय येतं, तान कशी आहे हे बघितलं जातं. समोर बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलीची पट्टी, म्हणजे तिने पेटीच्या कोणत्या स्वराला सा धरून गावं ते, शोधून दे, असं मात्र सहसा कुणी सांगत नाही. रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी नेमकं तेच काम पुढ्यात येतं.

मुलं येतात ती क्लासची पट्टी घेऊन. तिथे पंधरा मुली पेटीवरच्या काळी चारला सा धरून गात होत्या, म्हणून हीही काळी चार. मुलग्यांचं त्याहून अवघड. आवाज फुटताना तो साधारण सप्तकभर खाली उतरतो आणि त्या वर्ष-दोन वर्षांत गाणं सुटलेलं असतं. पुन्हा सुरू करताना कुणीतरी अंदाजाने पांढरी दोन सांगितलेली असते.

पट्टी काढायची रीत अशी. सकाळी उठल्या-उठल्या काढू नये. झोपेनंतर आवाज नेहमीपेक्षा खाली जातो आणि तो खालचा स्वर दुपारी सापडत नाही. मुलगी दोन-तीन तास बोलती-चालती झाली की आकारात ('आ' म्हणत), मध्यम आवाजात पेटीची एकेक पट्टी, काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजून, खाली उतरवत न्यायची. जिथे स्वर करकरू लागतो किंवा नुसती हवा येते तिथे थांबायचं आणि त्याच्या वरचा शेवटचा स्वच्छ स्वर टिपायचा. त्याच्या दोन पट्ट्या वर मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला पंचम धरायचा. तिथून पाच पट्ट्या वर षड्ज, म्हणजे सा. समजा, तिचा शेवटचा स्वच्छ स्वर खालची काळी एक आहे. मग काळी दोन हा मंद्र पंचम आणि काळी चार हा सा. मुलाचा आवाज खालच्या पांढरी चारला थांबला तर पंचम पांढरी पाच आणि सा पांढरी एक. मग वर जाऊन तार, म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम तपासायचा. काळी चारच्या गायिकेला मंद्र पंचम सुमारे १५६ हर्ट्झ आणि तार पंचम ६२३, म्हणजे पुरी दोन सप्तकं. तार गंधारापर्यंत मोकळा जाणारा आवाज पंचमाला आवळला तर हरकत नाही, तो मेहनतीने मिळतो. खालची हद्द मात्र स्वरतंतूंच्या लांबी-जाडीने ठरलेली असते. रियाजाने ती फारशी सरकत नाही, म्हणून मोजायला खालून सुरुवात करायची. पुष्कळ शिक्षक वरून मोजतात. त्यांच्या वर्गातल्या मुली चमकदार ताना घेतात आणि विलंबितात मंद्र निषादाच्या खाली बोलतच नाहीत.

एकाच वर्गात मुलं-मुली असली की आणखी एक पेच. मुलांचा सा पांढरी एक, मुलींचा पांढरी पाच असेल तर मुलांचा सा म्हणजे मुलींचा मध्यम. कागदावर हे फार सोयीचं दिसतं: मुलांच्या सा-पच्या तंबोऱ्यात तेच दोन स्वर वाजतात, जे मुलींना म-सा म्हणून चालावेत. पण तंबोऱ्याची सगळ्यात खालच्या सुराची तार, म्हणजे खर्ज, पांढरी एकचा ठणठणत असतो, त्यामुळे मुलींचा कान हळूहळू मध्यमालाच सा मानू लागतो आणि पंधरा मिनिटांत राग हातातून जातो. तुकड्या वेगळ्या कराव्यात. ते जमत नसेल तर निदान तंबोरे दोन लावावेत.

आणि मास्तरांनी काळी चारला मुलींबरोबर गायचा हट्ट धरू नये. सप्तकभर खाली गायलं तर त्यांचा सा १०४ हर्ट्झवर येतो आणि मंद्र पंचम ७८ वर. तो बहुतेक पुरुषांना गाता येत नाही. वर गायलं तर पातळ, खोटा आवाज लागतो आणि मुली तोच उचलतात. आपल्या पट्टीत गाऊन दाखवावं आणि मुलीने तिच्या पट्टीत उचलावं. ही सवय जितकी लवकर लागेल तितकं बरं.

आता गंधार. या एका स्वरावर सांगली-मिरजेने पूर्वी जेवढा खल केला तेवढा क्वचितच कुठे झाला असेल. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुती, म्हणजे सप्तकातले सूक्ष्म स्वर, मोजायला घेतल्या, त्या मोजण्यात किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा आणि कान होता. १९१० साली देवलांचं पुस्तक आलं. सनदी सेवेतले न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी ते काम पुढे नेऊन श्रुतींची पेटी करवली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली. पेटी काही रुळली नाही, पण प्रश्न खरा होता आणि आजही रोज वर्गात येतो.

काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९.३ हर्ट्झचा. चांगल्या जवारीच्या (तार घोडीला हलकी लागून जी गुंजते ती) खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो याच्या पाचपट, म्हणजे ३४६.५. पेटीवर त्या जागी पांढरी चार आहे आणि ती ३४९.२ ची. फरक पावणेतीन हर्ट्झचा. पेटी आणि तंबोरा एकदम वाजवून बघा, सेकंदाला जवळजवळ तीन लाटा मोजता येतात. पेटीवर वाढलेल्या मुलीचा यमनमधला गंधार तेवढाच वर लागतो. तिला 'बेसूर' म्हणून उपयोग नाही, ती पेटीशी अगदी सुरात असते. पेटी बंद करायची, खर्ज एकटा छेडायचा, त्यातला गंधार आधी ऐकायला लावायचा आणि मग ओठ मिटून त्यात मिसळायला सांगायचं. लाटा थांबल्या की स्वर लागला. आठ-दहा वेळा झालं की तोच गंधार आकारात.

त्यासाठी तंबोरा नीट लागलेला हवा. मिरजेचा तंबोरा घेतला म्हणजे तो आपोआप बोलतो असं नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी लावायचं काम आपल्यालाच. आधी मधल्या दोन जोडीच्या (सा च्या) तारा एकमेकींत विरघळेपर्यंत लावायच्या. मग खर्ज, शेवटी पंचम. खुंटीने जवळ आणायचं, शेवटचा केसभर फरक मण्याने काढायचा. मग जवारी. घोडीवर तारेखाली जो दोरा असतो तो बोटाने किंचित पुढे-मागे सरकवत जायचा. एका जागी तार मिटल्यासारखी वाजते, थोडं सरकलं की एकदम फुलते, आणखी सरकलं की भुणभुणते. फुललेली जागा तांदळाच्या दाण्याएवढीही नसते. दोरा हलला की सूरही जरासा हलतो, म्हणून पुन्हा मण्याकडे. नवखे इथेच चुकतात. ते जवारी लावतात, पण सूर पुन्हा तपासत नाहीत आणि तासभर मुलांना उतरलेल्या जोडीवर गायला लावतात. पावसाळ्यात हवा बदलली की तासाच्या मध्येही एकदा तपासावं. मोबाइलवरचा तंबोरा घरच्या रियाजाला ठीक आहे. पण त्याच्या चिमुकल्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झचा खर्ज जवळजवळ बाहेरच येत नाही, मुलांना वरचे अंशस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप उमटणारे सूर, तेवढे ऐकू येतात.

गळ्याच्या तब्येतीबद्दल आपल्याकडे समजुती भरपूर. सांगली हळदीची पेठ, तेव्हा हळद-दुधाचा आग्रह समजण्यासारखा आहे. घसा शेकतो, बरं वाटतं, घ्यावं. पण गिळलेला पदार्थ अन्ननलिकेतून जातो, स्वरतंतूंना तो शिवतही नाही. तिथपर्यंत पोचते ती श्वासातली वाफ. प्यायलेलं पाणी शरीरात मुरून पोचतं, त्याला वेळ लागतो. गाण्याच्या आधी पाच मिनिटं तांब्याभर पाणी प्यायल्याने काही होत नाही, सकाळपासून थोडं-थोडं प्यावं. कार्यक्रम संपल्यावर रात्री बारा वाजता झणझणीत जेवून आडवं होणं त्याहून वाईट. आम्लपित्त वर येतं आणि सकाळी आवाज जड लागतो. दोष मात्र भडंगाला जातो.

रियाजाआधी गळा सैल करायला पाण्यातली नळी हा आजचा चांगला उपाय आहे. साधी शीतपेयाची नळी, पेल्यातल्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवायची, बुडबुडे काढत 'ऊ' म्हणायचा आणि सा ते प असं सावकाश वर-खाली सरकायचं. तीन ते पाच मिनिटं पुरे. गाल फुगले तरी चालतील, मान ताठ होता कामा नये. खर्जाचा, म्हणजे मंद्र सप्तकातला रियाज नंतर. खर्ज लावताना हनुवटी छातीला टेकवून आवाज 'जाड' करणारी मुलं हटकून भेटतात. तो खर्ज नव्हे, ते कंठ दाबणं आहे.

धोका ओळखायची एक सोपी खूण: तार सप्तकात अगदी बारीक आवाजात सा लावायला सांगा. स्वरतंतूंवर सूज किंवा गाठी धरत असतील तर सगळ्यात आधी हे जातं. जोरात गायलं तर स्वर लागतो, हळू गायलं की हवा फुटते. असा विद्यार्थी 'रियाज वाढवतो' म्हणू लागला तर थांबवा. कुजबुजून बोलणं ही विश्रांती नव्हे, त्यानेही ताण पडतो. दोन-तीन आठवडे घोगरेपणा हटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन स्वरतंतू दुर्बिणीतून बघून घ्यावेत. मास्तरांनाही हेच लागू. आठवड्याला १६ तास गाऊन शिकवणारा गळा विद्यार्थ्याच्या गळ्याआधी जातो.

राहता राहिलं संशोधन. किराणा घराण्यावर प्रबंध लिहिणारे मिरजेला येतातच. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात आहे. पण दर्ग्याचा फोटो म्हणजे संशोधन नव्हे. ध्वनिमुद्रिका ऐकून 'ते अमुक पट्टीत गात' असं लिहिण्याआधी तबकडीचा वेग तपासावा. जुन्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित व्हायच्या असं नाही. ७५ ला मुद्रित झालेली ७८ ने वाजवली तर आवाज एका पट्टीच्या दोन तृतीयांशाने वर चढतो. एवढ्यावर प्रबंधाचं आख्खं प्रकरण चुकतं.

स्वरलिपीतही सापळा आहे. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावरचं टिंब मंद्र दाखवतं, भातखंड्यांच्या लिपीत तेच टिंब तार. दोन पुस्तकांतून बंदिशी उतरवून एकत्र केल्या की स्वर चक्क दोन सप्तकं इकडचा तिकडे होतो. टंकलेखकावर खापर फोडायच्या आधी मूळ पुस्तक उघडावं.

गायकाच्या सुराचा आलेख काढायला प्रात हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालतं. ध्वनिमुद्रण करताना तंबोरा एका कानात इअरफोनने ऐकवावा. खोलीत वाजता ठेवला तर गायक श्वास घेतो त्या जागी संगणक तंबोऱ्याचा सूर टिपतो आणि आलेखात प्रत्यक्षात नसलेली मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकणं) दिसते. सॉफ्टवेअर ज्या टप्प्यात सूर शोधतं त्याची वरची हद्द ५०० हर्ट्झवर ठेवली असेल तर काळी चारच्या गायिकेचा ६२३ चा तार पंचम आलेखात सप्तकभर खाली पडतो. ती ८०० पर्यंत न्यावी. खालची हद्द ७५ वर असेल तर काळी एकचा एखादा मुलगा ६९ च्या खर्जापर्यंत उतरला तरी तो पडद्यावर उमटतच नाही. ती ५० वर आणावी, मग रेघ येते.